आकडा आणि हकिगत

सीमाभागातील वाचकांची जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांत अलीकडे एक निराळाच प्रकार दिसू लागला आहे. पूर्वी पत्रात दुखण्याचे वर्णन असे. थकवा येतो, केस गळतात, चेहऱ्यावर सूज वाटते, काय करावे, असे भगिनी विचारीत. आता पत्राबरोबर रक्ततपासणीच्या कागदाची नक्कल असते आणि विचारणा एवढीच असते की, हा आकडा वाढला आहे, त्यावर औषध कोणते? भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद अशा गावांहून ही पत्रे येतात. कागद कधी कलबुर्गीच्या प्रयोगशाळेचा असतो, कधी सोलापूरचा, कधी लातूरचा, तर कधी हैदराबादचा. आकडा ठळक असतो. दुखणे सांगणारी ओळ मात्र पत्रात शोधूनही सापडत नाही.

तपासणी गावोगावी पोचली, ही समाधानाचीच गोष्ट आहे. ज्या व्याधीला आमच्या आजी-पणजींच्या काळी नावही नव्हते, ती आज दोन मिलिलीटर रक्तात ओळखता येते. परंतु आकड्याने हकिगतीची जागा घेतली, की तोच आकडा फसवू लागतो. अवटु आणि अधिवृक्क या दोन ग्रंथींच्या बाबतीत हे जितके खरे आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कोठे असेल. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही त्यांनाच दिले आहे. यातील मजकूर वाचून कोणी स्वतःचे औषध ठरवू नये. आपल्या डॉक्टरांना काय विचारावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांना काय सांगावे, एवढे वाचकांना उमगले तरी आमचा हेतू साधला.

आई, मूल आणि आवाज

अवटु ग्रंथी, म्हणजे ज्या ग्रंथीला सर्वजण थायरॉइड म्हणतात, ती गळ्याच्या पुढील बाजूस, कंठमण्याच्या किंचित खाली असते. आकार पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. तिच्यातून स्रवणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीराच्या चुलीचा जाळ किती ठेवायचा ते ठरविते. जाळ मंदावला की थंडी अधिक वाजते, वजन वाढते, बद्धकोष्ठ होतो, त्वचा कोरडी पडते, पाळी बिघडते, बोलणे व विचार दोन्ही संथ होतात. जाळ भडकला की छातीत धडधड, हाताला कंप, घाम, आणि भरपूर खाऊनही वजनात घट.

अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे ॲड्रिनल, दोन असतात. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर त्या टोपीसारख्या बसलेल्या असतात. त्यांचे मुख्य संप्रेरक कॉर्टिसॉल. ताप, अपघात, शस्त्रक्रिया, उलट्या-जुलाब अशा संकटात रक्तदाब आणि रक्तातील साखर सावरून धरण्याचे काम ते करते. मीठ व पाणी यांचा तोल राखणारे दुसरे एक संप्रेरकही येथेच तयार होते.

या दोहोंवर हुकमत चालते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या पोषग्रंथीची, म्हणजे पिट्युटरीची. घरातील उदाहरण घ्यावयाचे तर पोषग्रंथी ही आई आणि अवटु हे मूल. मूल काम करीत असले की आई हलक्या आवाजात बोलते. मूल ऐकेनासे झाले की तिचा आवाज चढतो. अवटुसाठी असलेल्या या आवाजाचे नाव टी.एस.एच. प्रयोगशाळा मोजते तो हा आवाज. म्हणून टी.एस.एच. वाढला म्हणजे अवटु मंद झाली, आणि टी.एस.एच. अगदी खाली गेला म्हणजे बहुधा अवटु अनावर झाली, असा उलटा हिशेब आहे. ‘माझा थायरॉइड वाढला’ असे जे सर्रास म्हटले जाते, त्याचा खरा अर्थ पुष्कळदा ग्रंथीचे काम कमी झाले असाच असतो.

हे मोजणे कसे आले

इंग्लंडात १८९१ साली जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीस बरे केले. ती बाई पुढे १९१९ पर्यंत, म्हणजे आणखी अठ्ठावीस वर्षे जगली. त्या काळी औषधाची मात्रा रोग्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच ठरवावी लागे, कारण रक्तातील संप्रेरक इतके सूक्ष्म असते की ते मोजण्याचे साधनच नव्हते. ते साधन रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केले. किरणोत्सारी द्रव्याची खूण लावून संप्रेरक मोजण्याच्या या पद्धतीबद्दल यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच १९७२ मध्ये निवर्तले होते.

आपल्याकडे ही विद्या आली ती मुंबईमार्गे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ साली सुरू झाले आणि अवटुच्या विकारांसाठी ते देशभर नावाजले गेले. पुढे अणुऊर्जा खात्याने तपासणीचे संच देशातच तयार करून प्रयोगशाळांना पुरविले. आज बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सारी द्रव्याऐवजी प्रकाश देणाऱ्या रसायनांनी हीच मोजणी स्वयंचलित यंत्रावर होते. १९६३ सालीच गुलबर्ग्यास महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आता बीदर व कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. साध्या टी.एस.एच. साठी कोणास हैदराबादची वाट धरण्याचे कारण उरलेले नाही.

व्याधी दुर्मीळ नाही. मुंबई, गोवा, हैदराबाद, बंगळूर यांसह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांत अवटुमंदता आढळली. स्त्रियांत तिचे प्रमाण पुरुषांहून बरेच अधिक असते. जेथे आयोडीन पुरेसे मिळते तेथे तिचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेनेच आपल्या ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले. अँटी-टी.पी.ओ. ही तपासणी त्यासाठीच असते. ती एकदा झाली की पुरे. दरवर्षी करून घेण्याने पैशाखेरीज काही कमी होत नाही.

आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड हा निराळा विषय. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आपल्या भागात अजूनही काही घरी स्वयंपाकास खडे मीठ आणि उपासास सैंधव वापरतात. उपासाच्या दिवसाबद्दल आमची तक्रार नाही. परंतु रोजच्या भांड्यात आयोडीनयुक्त मीठच असावे आणि ते झाकून ठेवावे, विशेषतः घरात गरोदर सून वा लहान मूल असेल तेव्हा. मात्र हाशिमोटोच्या विकारात अधिक आयोडीन घेतल्याने लाभ होत नाही, प्रसंगी अपायच होतो. कोबी-फुलकोबीचा जो धसका पुष्कळांनी घेतला आहे तोही अनाठायी आहे. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाल्लेल्या भाजीने काही बिघडत नाही.

एक गोळी, तिचे चार नियम

अवटुमंदतेवर औषध एकच : लिव्होथायरॉक्सिनची लहानशी गोळी. शरीरात जे कमी आहे तेच ती भरून काढते. ‘एकदा लागली की सुटत नाही’ असे तिच्याबद्दल भीतीने बोलले जाते. पण ही सवय नव्हे, उणीव आहे. चष्मा लागला म्हणून डोळ्यांना चष्म्याचे व्यसन जडले असे कोणी म्हणत नाही.

पहिला नियम वेळेचा. गोळी सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. आपल्या घरांत दिवस चहानेच उजाडतो, त्यामुळे हा नियम सांगावयास सोपा आणि पाळावयास कठीण आहे. ज्यांना तो जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर तीन तास लोटल्यावर, रात्री निजताना गोळी घ्यावी. रोज एकच वेळ असावी, हे महत्त्वाचे.

दुसरा नियम अंतराचा. लोहाची व कॅल्शियमची गोळी थायरॉक्सिनला आतड्यातच अडवून ठेवते. गरोदरपणी या तिन्ही गोळ्या एकाच स्त्रीस मिळतात आणि ती बिचारी विसरू नये म्हणून तिन्ही एकदमच घेते. त्यांत चार तासांचे अंतर हवे.

तिसरा नियम साठवणीचा. ही गोळी उष्णता व दमट हवा सहन करीत नाही. कलबुर्गीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात, चुलीजवळच्या फडताळात वा खिडकीत ठेवलेली शंभर गोळ्यांची बाटली मे महिन्याअखेर पहिल्याइतकी गुणकारी राहील याची खात्री नसते. मात्रा तीच असून आकडा का चढला, याचे उत्तर कधी कधी अशा फडताळात असते. बाटली घरातील सर्वांत गार व कोरड्या कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून ठेवावी.

चौथा नियम तपासणीचा. मात्रा बदलल्यावर टी.एस.एच. स्थिर होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी अर्धवट शिजलेल्या डाळीसारखी होय. चव घेता येते, निर्णय देता येत नाही. आकडा एकदा जागेवर आला की सहा महिन्यांनी वा वर्षाने पाहिला तरी चालतो. टी.एस.एच. पहाटे अधिक व दुपारी कमी असतो, म्हणून दर खेपेस साधारण त्याच वेळी व शक्य तो त्याच प्रयोगशाळेत रक्त द्यावे. त्या सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या कित्येक यंत्रांना चकवितात आणि ठणठणीत माणसाच्या कागदावर रोग उमटवितात. त्या किमान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात.

आकडा किंचितच वाढलेला असेल तेव्हा घाबरून जाऊ नये. बहुतेक प्रयोगशाळांत टी.एस.एच. ची वरची मर्यादा चार-साडेचारच्या आसपास असते. तो दहाच्या वर स्थिर राहिला तर सहसा औषध देतात. मधल्या पायरीवर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग असतो. अनेकांचा आकडा आपोआप खाली येतो. म्हाताऱ्या माणसांत थोडा चढा आकडा वयपरत्वे असू शकतो आणि तेथे गोळीची घाई केल्यास हृदयाची धडधड व हाडांची झीज पदरी पडते. गरोदर स्त्रीचा हिशेब मात्र वेगळा आहे. गर्भाची स्वतःची अवटु पहिले काही महिने पुरेसे काम करीत नाही, तो आईच्याच थायरॉक्सिनवर वाढतो. म्हणून जी स्त्री आधीपासून गोळी घेते तिने दिवस राहिल्याचे कळताच त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. बहुधा मात्रा चतुर्थांशाने किंवा त्याहून थोडी अधिक वाढवावी लागते. ‘गरोदरपणी औषधे नकोत’ असे म्हणून सासूबाईंनी ही गोळी थांबविली, तर त्यांच्या मायेचीच शिक्षा नातवंडास होईल.

आईचाच आवाज बसला तर?

आता या लेखाचा जो गाभा, त्याकडे वळतो. वरील सारा हिशेब एका गृहीतावर उभा आहे : आईचा आवाज शाबूत आहे. मूल काम करीत नाही आणि आईचा आवाजही बसला आहे, असे झाले तर? कागदावर टी.एस.एच. मर्यादेत दिसेल. कागद म्हणेल, सर्व ठीक. आणि घरातील बाई मात्र दिवसेंदिवस खंगत जाईल.

ही काल्पनिक गोष्ट नव्हे. बाळंतपणी अतोनात रक्तस्राव झाला की गरोदरपणात आधीच फुगलेल्या पोषग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिचा काही भाग मृत होतो. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली याचे विवरण केले, त्यावरून या विकारास शीहानचे नाव पडले. ज्या देशांत बाळंतपणे सुरक्षित झाली तेथे तो विरळ झाला. आपल्या देशात तो अजून आहे. काश्मीर खोऱ्यात झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाळंतपण झालेल्या वीस वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे तीन टक्के स्त्रियांत तो आढळला. आपल्या तांड्यांवर व वाड्या-वस्त्यांवर ज्यांची बाळंतपणे वीस-तीस वर्षांपूर्वी घरीच झाली, अशा कित्येक स्त्रिया आज चाळिशी-पन्नाशीत आहेत.

याची हकिगत बहुधा एकाच वळणाची असते. बाळंतपणी रक्त फार गेले, बाई बेशुद्ध पडली, रक्त चढवावे लागले किंवा चढवावयास हवे होते ते मिळाले नाही. नंतर अंगावर दूध आलेच नाही. पाळी पुन्हा सुरू झाली नाही. काखेतील केस झडले. मग थकवा, थंडी, चक्कर, अन्नावरची वासना उडणे. हे सारे इतके हळू चालते की दूध न आल्याबद्दल दोष नशिबाला, पाळी गेल्याचे कारण ‘लवकर गेली’ एवढेच, आणि थकव्याचे कारण संसार. दहा-पंधरा वर्षांनी ही बाई प्रयोगशाळेत जाते तेव्हा तिचा केवळ टी.एस.एच. पाहिला जातो आणि तो ठीक निघतो. तेथे फ्री टी-४ व सकाळचे कॉर्टिसॉल पाहिले असते तर दोन्ही कमी निघाले असते.

येथेच दुसरा धोका दबा धरून असतो. कधी फ्री टी-४ पाहिले जाते, ते कमी निघते आणि थायरॉक्सिन सुरू होते. पण पोषग्रंथीच दुबळी असल्याने अधिवृक्कही झोपलेली असते. चुलीचा जाळ वाढविला आणि लाकडे तर नाहीतच, अशी अवस्था होते. उरलेसुरले कॉर्टिसॉलही झपाट्याने संपते, आणि गोळी घेऊन बरे वाटण्याऐवजी बाई उलट्या होऊन, रक्तदाब उतरून कोसळते. म्हणून अशा ठिकाणी आधी कॉर्टिसॉलची भरपाई व मग थायरॉक्सिन हा क्रम वैद्यकाने कायमचा घालून दिला आहे. तो क्रम कोणता लावावा हे डॉक्टरांना कागदावरून नव्हे, बाळंतपणाच्या हकिगतीवरून सुचते. ती हकिगत ठाऊक असते सासूला, आईला, थोरल्या जावेला. दवाखान्यात मात्र बरोबर जातो मुलगा, ज्याला आपल्या जन्माच्या रात्री काय घडले हे कोणी सांगितलेलेच नसते.

अधिवृक्काची दोन संकटे

लंडनचे थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली अधिवृक्क ग्रंथी नष्ट होण्याचा रोग वर्णिला. त्यांच्या कित्येक रोग्यांत क्षयाने ग्रंथी खाल्लेल्या होत्या, आणि आपल्या देशात क्षय हे आजही त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. वजन घटते, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळते, खारट खावेसे वाटते आणि कातडी काळवंडते. रानात राबणाऱ्या माणसाचे काळवंडणे उन्हाच्या खाती जमा होते. परंतु उन्हाने हिरड्या काळ्या पडत नाहीत, तळहाताच्या रेषा काळ्या पडत नाहीत आणि जुन्या जखमेचे व्रणही काळवंडत नाहीत. ही खूण ध्यानी धरावी. ज्याला पूर्वी क्षय झाला होता त्याने तर विशेषच.

दुसरे संकट माणसानेच ओढवून घेतलेले आहे, आणि आमच्या भागात तेच अधिक. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन ही स्टेरॉइड औषधे दम्याच्या झटक्यात, मूत्रपिंडाच्या काही विकारांत, सांध्यांच्या दाहात प्राण वाचवितात. त्यांच्यावर आमचा रोष नाही. पण गुडघेदुखीवर ‘जादूची पुडी’, भूक लागावी म्हणून गोळी, दम्यावर नाव नसलेली पूड, या रूपांनी ती विनाचिठ्ठी पोटात जातात. पहिल्या आठवड्यात घेणारा देवाचे आभार मानतो. काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो, पोट सुटते, हातपाय काडीसारखे होतात, कातडीवर जांभळे पट्टे उमटतात, साखर व रक्तदाब चढतात. लोक म्हणतात, तब्येत सुधारली.

बाहेरून आयते मिळते म्हणून शरीरातील अधिवृक्क काम सोडून देते. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ असे औषध घेतलेल्या माणसाने ते एकाएकी थांबविले, पुडीवाला गाव सोडून गेला, किंवा कोणी ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणून डबा उकिरड्यावर फेकला, की झोपलेली ग्रंथी लगेच जागी होत नाही. त्यातच ताप वा जुलाब झाले तर माणूस काही तासांत दगावू शकतो. म्हणून नियम एकच : स्टेरॉइड आपण होऊन सुरू करू नये आणि सुरू असलेले आपण होऊन थांबवू नये. पुडीत ते होते की नाही अशी नुसती शंका असली तरी ती डॉक्टरांना सांगावी. लाज बाळगू नये. डॉक्टर रागावले तरी चालेल.

अधिवृक्काची तपासणी घड्याळाशी बांधलेली असते. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी सर्वाधिक आणि मध्यरात्री सर्वांत कमी असते. दुपारी तीनला दिलेल्या रक्ताच्या कॉर्टिसॉलवरून कमतरता ठरविता येत नाही. रक्त सकाळी आठ-नऊच्या दरम्यान द्यावे. आकडा तीन मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळपास निश्चित, पंधरा-अठराच्या वर असेल तर ती बहुधा नाही. मधल्या आकड्यासाठी ग्रंथीला चेतविणारे इंजेक्शन देऊन अर्ध्या व एका तासाने पुन्हा रक्त पाहतात. उलट कॉर्टिसॉल अधिक असल्याची शंका असेल तर रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी आठला रक्त घेतात. निरोगी माणसात ते १.८ च्या खाली दबते. या दुसऱ्या पायरीच्या तपासण्यांसाठी मोठ्या रुग्णालयात जावे. ‘अधिवृक्क थकली आहे’ असे सांगून लाळेचे संच व शक्तिवर्धक पुड्या विकणारे आता आपल्या गावांतही दिसतात. असा कोणताही रोग वैद्यक मानीत नाही. थकवा खरा असतो. त्याचे कारण रक्तक्षय, मधुमेह, अपुरी झोप, खिन्नता यांत शोधावे.

ज्यांना कॉर्टिसॉलची कमतरता ठरली आहे, त्यांनी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी एक दिवसही चुकवू नये. ताप आला तर डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे मात्रा दुप्पट-तिप्पट करावी. उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर घरी वाट पाहू नये. इंजेक्शनसाठी जवळच्या दवाखान्यात तत्काळ न्यावे. निरोगी माणसाला एकादशी चालते, या माणसाला औषधाची एकादशी चालत नाही.

तीन राज्यांचे कागद

१९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग तेलुगु मुलखात गेला, आणि उरलेला बीदर गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात आला. नाती मात्र कोणी वाटली नाहीत. लेक उदगीरला दिलेली, भाऊ हैदराबादेत नोकरीला, माहेर भालकीचे. त्यामुळे आमच्या लोकांचे दुखणेही तीन राज्यांत फिरते. बीदर-कलबुर्गी हा रेल्वेमार्ग २०१७ साली पुरा झाला, त्याने फिरणे आणखी सोपे झाले.

यातून एक अडचण उभी राहते, जी पुण्या-मुंबईच्या वाचकांना सहसा जाणवणार नाही. एका प्रयोगशाळेचा टी-४ एका परिमाणात असतो, दुसरीचा दुसऱ्या परिमाणात. दोन आकडे शेजारी ठेवून रोग दहापट वाढला असे समजणारे लोक आहेत. कागद पाहताना आकड्याशेजारी छापलेली मर्यादा व परिमाण आधी पाहावे. दुसरी अडचण भाषेची. आजी मराठीत सांगते, नातू ते दखनीत सांगतो, डॉक्टर कन्नड वा तेलुगु बोलणारे असतात आणि लिहितात इंग्रजीत. तीन वेळा भाषा बदलताना ‘पहिल्या खेपेला दूधच आलं नव्हतं’ हे वाक्य वाटेतच गळून पडते.

म्हणून आमची या महिन्याची सूचना अगदी साधी आहे. घरातील प्रत्येक प्रौढ माणसासाठी एक जाड पुठ्ठ्याची फाइल करावी. सर्व कागद तारखेच्या क्रमाने लावावेत. आणि सर्वांत वर एक पान असावे, ज्यावर घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : बाळंतपणी रक्तस्राव किती झाला व त्यानंतर दूध आणि पाळी यांचे काय झाले, पूर्वी क्षय झाला होता का, केव्हा, दम्याची, सांध्याची वा कातडीची कोणती औषधे, पुड्या, मलमे किती दिवस घेतली, घरात कोणास अवटुचा विकार आहे, आणि आज चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा व वेळ. घरातील शिकलेल्या मुलीने हेच पान इंग्रजीतही उतरवून द्यावे. रोगी स्टेरॉइड घेणारा असेल तर ती गोष्ट सर्वांत वर, तांबड्या शाईने लिहावी.

नव्या जीवाविषयी एक शब्द. जन्मतःच अवटु नसलेले वा काम न करणारे बाळ पहिले काही आठवडे इतर बाळांसारखेच दिसते. उलट शांत असते, फार रडत नाही, म्हणून ‘गुणी बाळ’ म्हणून त्याचे कौतुक होते. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर त्याची बुद्धी इतर मुलांप्रमाणे वाढते. महिने लोटले तर गेलेली बुद्धी कोणत्याही औषधाने परत येत नाही. कॅनडातील क्विबेक प्रांतात १९७४ साली सर्व नवजात बाळांची ही तपासणी सुरू झाली, आणि आज अनेक देशांत ती सक्तीची आहे. आपल्याकडे ती सर्वत्र आपोआप होत नाही, मागावी लागते. बाळंतिणीस घरी आणण्यापूर्वी, बाळ तीन-चार दिवसांचे असताना टाचेतून घेतलेले काही थेंब रक्त यास पुरते. बारशाच्या खर्चापुढे तो खर्च काहीच नव्हे.

आकडा खोटे बोलत नाही, पण विचारलेल्या एवढ्याच प्रश्नाचे तो उत्तर देतो. कोणता प्रश्न विचारावयाचा हे हकिगत सांगते, आणि ती हकिगत प्रयोगशाळेत नसते. ती आपल्या माजघरात, वयस्क बायकांच्या स्मरणात असते. त्या आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून ते पहिले पान लिहून काढावे, अशी आमची सर्व वाचक-भगिनींना आग्रहाची विनंती आहे.